प्रश्न तुमचे : बटण आपलं, पिकर ब्राउझरचा

ह्या वेळी कलर पिकरवर, म्हणजे वेबपानावर रंग निवडायला ब्राउझर जी खिडकी उघडतो तिच्यावर, इतके प्रश्न आलेत की बाकीचे सगळे पुढच्या अंकात ढकललेत. कोड छापत नाही, छपाईत कंस आणि अवतरणचिन्हं कुठे गायब होतात देव जाणे, त्यामुळे फक्त नावं देतोय, ती कोडमध्ये इंग्रजीत टाइप करा. शोपिकर, म्हणजे स्क्रिप्टमधून पिकर उघडायची आज्ञा, हा शब्द खूपदा येईल, तो सलग लिहायचा आणि त्यातला पिकरचा पी कॅपिटल.

प्रश्न : नमस्कार सर, इचलकरंजीला माझी छोटी प्रिंटिंग प्रेस आहे, लग्नपत्रिका आणि फ्लेक्सची कामं. भाच्याकडून वेबसाइट करून घेतलीय, गिऱ्हाईक पत्रिकेचा रंग घरबसल्या बदलून बघतं. ब्राउझरचा तो रंगाचा चौकोन दिसायला अगदीच गावठी, म्हणून सीएसएसमध्ये (पानाच्या सजावटीच्या कोडमध्ये) डिस्प्ले नन करून लपवला आणि वर स्वतःचं 'रंग निवडा' बटण ठेवलं. बटण दाबलं की स्क्रिप्ट त्या लपवलेल्या इनपुटवर क्लिक करते. माझ्या कॉम्प्युटरवर पिकर उघडतो पण बटणाजवळ नाही, पार डावीकडे वरच्या कोपऱ्यात, आणि काही गिऱ्हाइकांच्या फोनवर तर उघडतच नाही म्हणे. भाचा म्हणतो ब्राउझरचा बग आहे. खरंच?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : बग नाही हो, भाच्याला सांगा. इनपुट टाइप कलर पानावर जिथे असतो त्याच्या चौकटीला धरून ब्राउझर पिकर उघडतो, आणि डिस्प्ले नन केलं म्हणजे त्या इनपुटला पानावर जागाच उरली नाही, मग ब्राउझर उघडणार कुठे? एखादा बिचारा कोपऱ्यात उघडतो, एखादा सरळ म्हणतो की जे पानावर नाहीच त्याच्यासाठी मी काही उघडत नाही. दोघांचंही वागणं आपापल्या जागी बरोबरच आहे.

आता उपाय, आणि पहिला उपाय स्क्रिप्ट काढून टाकण्याचा आहे. एक डिव्ह घ्या, त्याला पोझिशन रिलेटिव्ह द्या, आत तुमचं सुंदर बटण ठेवा आणि त्याच्या बरोब्बर वर तो कलर इनपुट पोझिशन ॲबसोल्यूट करून पसरवा, रुंदी उंची दोन्ही शंभर टक्के आणि ओपॅसिटी शून्य, म्हणजे पूर्ण पारदर्शक. गिऱ्हाइकाला वाटतं आपण बटण दाबलं, प्रत्यक्षात बोट पडतं इनपुटवर, आणि पिकर अगदी शहाण्यासारखा बटणाला चिकटून उघडतो. फक्त दोन गोष्टी बघा. खालचं बटण खरं बटण नको, साधा स्पॅन ठेवा, नाहीतर कीबोर्डवाल्याला टॅब दोनदा मारावा लागतो. आणि इनपुट अदृश्य असल्यामुळे फोकसची कडा पण दिसत नाही, ती बाहेरच्या डिव्हला फोकस-विदिन लावून दाखवा. आणि हो, ॲरिया-लेबल (ए आर आय ए, एरिया नव्हे) द्यायला विसरू नका, स्क्रीन रीडर, म्हणजे पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरणाऱ्याला नुसतं 'रंग' ऐकून काय कळणार कशाचा रंग.

ह्याहून सोपं म्हणजे लेबल. लेबलचा फॉर आणि इनपुटचा आयडी एकच ठेवला की लेबलवर क्लिक केलं तरी पिकर उघडतो, लेबलला हवं तसं बटणाचं रूप द्या. पण इथेही इनपुट डिस्प्ले नन नको, ओपॅसिटी शून्यच.

मग स्क्रिप्ट लागते कधी? समजा गिऱ्हाइकाने पत्रिकेवरच्या वधू-वरांच्या नावावरच क्लिक केलं आणि तिथल्या तिथे पिकर हवाय, किंवा मेनूतून, किंवा कीबोर्ड शॉर्टकटवरून. तेव्हा त्या नावाजवळ एक छोटासा पारदर्शक इनपुट सरकवून न्यायचा आणि त्याच्यावर शोपिकर बोलवायचं. हे क्रोममध्ये ९९ पासून आहे म्हणजे मार्च २०२२, त्याच वर्षी फायरफॉक्सच्या १०१ मध्ये आणि सफारीच्या १६ मध्ये आलं, त्यामुळे आता बिनधास्त वापरा, जुन्या फोनसाठी आधी शोपिकर आहे का ते तपासा, नसेल तर नुसतं क्लिक बोलवा.

जाता जाता, तो चौकोन गावठी दिसतो तो त्याच्या आतल्या पॅडिंग आणि कडेमुळे. क्रोम आणि सफारीत वेबकिट-कलर-स्वॉच-रॅपर आणि वेबकिट-कलर-स्वॉच, फायरफॉक्समध्ये मॉझ-कलर-स्वॉच, ह्यांना पॅडिंग शून्य आणि बॉर्डर नन द्या की छान सपाट रंगीत चौकोन होतो. मी तर म्हणेन तुमच्या कामात तो दिसलेलाच बरा, आत्ता कुठला रंग लागलाय ते समोर दिसतं. आणि प्रेसवाल्याला मी काय सांगायचं, पण साइटवर एक ओळ लिहा की स्क्रीनवरचा रंग छपाईत जसाच्या तसा येत नाही, कारण पिकर देतो लाल-हिरवा-निळा आणि तुमचं मशीन चालतं चार शाईंवर, तो झगझगीत पोपटी एकदा गिऱ्हाइकाच्या डोक्यात बसला की मग छापून आल्यावर भांडण ठरलेलं.

प्रश्न : मी पुण्यात फ्रंटएंडला आहे. आमच्या ॲपमध्ये यूझर 'थीम' बटण दाबतो, मग आम्ही सर्व्हरवरून त्याचे जुने रंग आणतो आणि ते आले की शोपिकर कॉल करतो. ऑफिसच्या नेटवर मस्त चालतं, पण क्लायंटकडे डेमोला नॉटअलाउडएरर आला. आणि प्रॉडक्टवाल्यांना आता नवीन यूझरसाठी पान लोड झाल्या झाल्या पिकर आपोआप उघडून हवाय, तिथे तर कधीच चालत नाही. सेटटाइमआउट लावून पाहिला, बटणावर खोटा क्लिक पाठवून पाहिला, काही नाही.
— एक वाचक, पुणे

उत्तर : दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे. ब्राउझर बघतो की आत्ता, एवढ्यात, माणसाने खरंच काही दाबलंय का. माउसचं बटण, कीबोर्डची कळ (एस्केप सोडून), स्क्रीनवरचा टॅप, हे चालतं. नुसता माउस फिरवणं, स्क्रोल करणं, पान लोड होणं, हे चालत नाही. माणसाने दाबलं की थोड्या वेळासाठी परवानगी मिळते, क्रोममध्ये साधारण ५ सेकंद, आणि तेवढ्यात शोपिकर बोलवलं तर उघडतो, नाहीतर नॉटअलाउडएरर. तुमच्या ऑफिसात सर्व्हरचं उत्तर लगेच येतं म्हणून परवानगी शिल्लक असते, क्लायंटच्या नेटवर ती वाट बघता बघता संपून जाते. म्हणजे ऑफिसात चालत होतं ते निव्वळ नेटच्या जोरावर.

सेटटाइमआउटचं पण तेच, तो परवानगी वाढवत नाही, उलट खातो. आणि स्क्रिप्टने पाठवलेला क्लिक हा माणसाचा क्लिक नाही, ब्राउझर प्रत्येक इव्हेंटवर इजट्रस्टेड म्हणून खूण ठेवतो आणि खोट्या क्लिकवर ती फॉल्स असते.

करायचं काय, तर क्रम उलटा करा. जुने रंग पान लोड होतानाच आणून ठेवा, आणि क्लिकच्या हँडलरमध्ये पहिल्याच ओळीला शोपिकर. रंग आधी आणणं शक्यच नसेल तर पिकर लगेच उघडा आणि जुने रंग शेजारी पानावर मागाहून येऊ द्या, कोणाचं काही अडत नाही. मधे काही अटळ काम असेलच तर नॅव्हिगेटरच्या यूझरॲक्टिव्हेशनमध्ये इजॲक्टिव्ह बघा, ते फॉल्स झालं असेल तर एरर खाण्यापेक्षा 'रंग आलेत, उघडा' असं बटण दाखवा. आणि शोपिकर नेहमी ट्राय-कॅचमध्ये. नुसत्या क्लिक पद्धतीत वाईट हे की परवानगी नसली तर बहुतेक वेळा काहीच होत नाही, कोडला कळतही नाही, शोपिकर निदान तोंडावर सांगतो.

पान उघडताच आपोआप पिकर उघडणं मात्र होणार नाही, आणि तुमच्या प्रॉडक्टवाल्यांना हे स्पष्ट सांगा, पुढच्या स्प्रिंटमध्ये परत विचारतील. एके काळी कुठलीही साइट उघडली की चार खिडक्या उड्या मारत वर यायच्या, एक बंद केली की दोन नव्या, ते ज्यांनी भोगलंय त्यांना ही अट का आली ते सांगायला नको. पिकर ही ब्राउझरची खिडकी आहे, आपल्या पानाची नाही, तो पानावर स्वार होऊन बसतो, त्यामुळे तो उघडायचा हक्क समोर बसलेल्या माणसाचा. नवीन यूझरला एक मोठं, ठसठशीत बटण दाखवा, एक क्लिक जास्त लागला म्हणून कोणी पळून जात नाही.

प्रश्न : दादा, मी बी.सी.ए.ला आहे, सोलापूर. व्हॅल्यूमध्ये रेड लिहिलं तरी पिकर काळाच उघडतो. हॅश एफ शून्य शून्य लिहिलं तरी काळाच.
— एक विद्यार्थी

उत्तर : पूर्ण सहा अंक लिही. हॅश, मग लालचे दोन, हिरव्याचे दोन, निळ्याचे दोन, म्हणजे तुझ्या लालसाठी एफ एफ आणि पुढे चार शून्यं. रंगाचं नाव किंवा तीन अंकी शॉर्टकट सीएसएसमध्ये चालतो म्हणून इथेही सगळीकडे चालेल असं धरू नकोस, व्हॅल्यू कळली नाही की ब्राउझर सरळ काळा धरतो. अजून एक, हा इनपुट कधीच रिकामा नसतो. 'अजून रंग निवडलाच नाही' अशी अवस्था हवी असेल तर ती वेगळ्या व्हेरिएबलमध्ये ठेव, नाहीतर प्रोजेक्टच्या डेमोला सगळ्यांचा आवडता रंग काळा निघेल.

प्रश्न : पिकरमध्ये यूझरने बोट फिरवलं की आमच्या सर्व्हरवर रिक्वेस्टचा पाऊस पडतो. मला फक्त शेवटचा रंग हवाय. रिॲक्ट (जावास्क्रिप्टची लायब्ररी) वापरतो, ऑनचेंजच लावलाय, तरी असं का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : कारण रिॲक्टचा ऑनचेंज हा ब्राउझरचा चेंज नाहीच, तो आतून इनपुट इव्हेंटला जोडलेला आहे. ब्राउझरकडे दोन वेगळे इव्हेंट आहेत, इनपुट हा रंग हलला की दर वेळी येतो आणि चेंज हा पिकर बंद करून रंग पक्का झाला की. रिॲक्टने दोघांची मोट एकत्र बांधलीय, टेक्स्ट बॉक्ससाठी ते सोयीचं असेल, इथे मात्र डोक्याला ताप.

ऑनचेंज राहू द्या, त्यावर पानावरचा प्रिव्ह्यू रंगवा, ते लगेच दिसायलाच पाहिजे. सर्व्हरसाठी रेफ घेऊन खऱ्या डॉम एलिमेंटवर, म्हणजे ब्राउझरच्या मूळ इनपुटवर, ॲडइव्हेंटलिसनरने चेंज लावा आणि तिथून एकच रिक्वेस्ट पाठवा. मात्र काही ठिकाणी पिकर उघडा असतानाही चेंज एकाहून जास्त वेळा आलेला दिसेल, म्हणून थोडा डीबाउन्स असू द्या, म्हणजे इव्हेंट थांबेपर्यंत जरा वाट बघून मगच पाठवायचं, अर्धा सेकंद पुरे. आणि स्क्रिप्टने व्हॅल्यू बदलली तर दोन्हीपैकी एकही इव्हेंट येत नाही, 'मूळ रंग' असं रीसेट बटण असेल तर तिथे सेव्हचं फंक्शन हातानेच बोलवा.

प्रश्न : आमचं येवल्याला पैठणीचं दुकान आहे, मुलगी ऑनलाइन विक्री बघते. तिची कल्पना अशी की गिऱ्हाइकाने स्वतःच्या ब्लाउजचा फोटो टाकावा, त्यातला रंग टिपावा आणि त्या रंगाच्या जवळची पैठणी आम्ही दाखवावी. क्रोमच्या पिकरमध्ये रंग टिपायची ती ड्रॉपरची खूण दिसते, ती थेट उघडता येईल का? तिच्या लॅपटॉपवर काहीतरी चाललं पण फोनवर नाही.
— एक वाचक, येवला

उत्तर : कल्पना झकास आहे, मुलीला शाबासकी सांगा. तिच्या लॅपटॉपवर जे चाललं ते बहुतेक आयड्रॉपर असणार. ती वेगळी सोय आहे, क्रोममध्ये ९५ पासून म्हणजे २०२१ च्या शेवटाकडे आली, न्यू आयड्रॉपर करून त्यावर ओपन बोलवायचं की कर्सरचं भिंग होतं आणि स्क्रीनवरचा कुठलाही रंग टिपता येतो, एसआरजीबीहेक्स नावाखाली सहा अंकी रंग परत मिळतो. यूझरने एस्केप दाबलं तर अबॉर्टएरर येतो, तो गिळून टाकायचा. क्लिकशिवाय उघडत नाही आणि साइट एचटीटीपीएसवर हवी.

पण ही सोय क्रोम आणि एजसारख्या क्रोमियमवाल्यांच्या डेस्कटॉपवरच आहे, फायरफॉक्स आणि सफारीने घेतलेली नाही, आणि ब्लाउजचा फोटो काढणारी बाई तो फोनवरूनच टाकणार, लॅपटॉप उघडून कोण बसतंय. म्हणून तुमच्यासाठी हा रस्ता चुकीचा आहे. फोटो कॅनव्हासवर (पानावर चित्र काढायच्या एचटीएमएलच्या चौकटीत) काढा, गिऱ्हाइकाने जिथे बोट टेकवलं तिथले पिक्सेल गेटइमेजडेटाने वाचा. हे सगळ्या फोनवर चालतं, कुठला पिकर नाही, कसली परवानगी नाही. गिऱ्हाइकाने स्वतःच्या फोनमधून निवडलेला फोटो असेल तर काहीच अडत नाही, दुसऱ्या साइटवरून आणलेलं चित्र असेल आणि त्या साइटने मुभा दिली नसेल तर ब्राउझर पिक्सेल वाचू देत नाही, सिक्युरिटीएरर येतो. आणि एकच पिक्सेल वाचू नका, कापडाचा पोत, जरीची चमक, ट्यूबलाइटचा उजेड, एक ठिपका काहीही सांगेल, आजूबाजूचा छोटा चौकोन घेऊन सरासरी काढा.

आता दुसरी बाजू. ब्राउझरचा कलर पिकर १,६७,७७,२१६ रंग दाखवतो, तुमच्या कपाटात किती? मोरपंखी, डाळिंबी, राणी, लिंबू, अजून काही. जे विकायला नाही ते दाखवून गिऱ्हाइकाच्या हातात एवढा मोठा पिकर द्यायचा कशाला, त्याने निवडलेला नेमका तो जांभळा तुमच्या मागावर नसला की तोंड पाडून जाणार. तुमच्याकडच्या रंगांची बटणं करा, प्रत्येकावर खऱ्या साडीच्या फोटोचा तुकडा आणि खाली नाव, आणि फोटोतून टिपलेल्या रंगाजवळची तीन-चार बटणं वर आणा, झालं काम. पिकर ठेवायचाच असेल तर कलर इनपुटला डेटालिस्ट, म्हणजे सुचवलेल्या रंगांची यादी, जोडता येते, मग क्रोम आधी तुमचे मोजके रंग दाखवतो आणि पूर्ण पिकर मागे राहतो.

प्रश्न : मी न्यू जर्सीत फ्रीलान्स काम करतो, क्लायंट हट्टाला पेटलाय. पिकर विंडोजवर, मॅकवर, आयफोनवर, सगळीकडे एकसारखा दिसला पाहिजे आणि त्याच्या ब्रँडच्या फॉन्टमध्ये. सीएसएसने आत काही करता येतं का?
— एक वाचक

उत्तर : आत काहीच करता येत नाही. बाहेरच्या चौकोनाला सजवा, उघडलेला पिकर मात्र तुमच्या पानाचा भागच नाही. क्रोमने २०२० साली ८३ मध्ये फॉर्मची सगळी कंट्रोलं नव्याने केली, मायक्रोसॉफ्टच्या एजवाल्यांबरोबर मिळून, तेव्हापासून डेस्कटॉपवर त्याचा स्वतःचा पिकर आहे. फायरफॉक्स विंडोजवर विंडोजचीच जुनी रंगांची खिडकी उघडतो आणि मॅकवर मॅकची. आयफोनवर ॲपलचा, ग्रिड आणि स्लायडरवाला. अँड्रॉइडवर आणखी निराळा.

आणि खरं सांगू, हे चांगलंच आहे. आयफोनवाल्याला त्याच्या सवयीचा पिकर मिळतो, त्याला तुमच्या क्लायंटचा फॉन्ट बघायचा नसतो. तरी क्लायंट ऐकत नसेल तर जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला तयार पिकर घ्या, त्याला परवानगी-बिरवानगी लागत नाही, हवा तेव्हा उघडतो, हवा तसा दिसतो. पण कीबोर्ड, स्क्रीन रीडर, छोट्या स्क्रीनवर कडेला कापला जाणं, हे सगळं मग तुमच्या गळ्यात, त्याचे तास कोटेशनमध्ये वेगळे धरा. निम्मे हट्ट तिथेच विरघळतात.

प्रश्न : पारदर्शक रंग निवडता येतो का? आणि आमचा विजेट दुसऱ्यांच्या साइटवर आयफ्रेममध्ये (पानाच्या आत बसवलेल्या दुसऱ्या पानात) बसतो, तिथे शोपिकर चालेल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : साध्या कलर इनपुटमध्ये पारदर्शकता नाही. नवीन एचटीएमएलमध्ये अल्फा नावाचा ॲट्रिब्यूट आलाय, सफारीने तो २०२५ साली १८.४ मध्ये घेतला, पण सगळ्यांच्या हातात येईपर्यंत शेजारी एक रेंजचा स्लायडर ठेवा आणि दोन्ही जोडून रंग तयार करा, साधं आहे. आयफ्रेमचं म्हणाल तर तारीख, वेळ वगैरेसाठी दुसऱ्या डोमेनच्या आयफ्रेममधून शोपिकर केलं की सिक्युरिटीएरर येतो, पण कलर आणि फाइल ह्या दोघांना त्यातून सूट आहे. क्लिकची अट मात्र तिथेही आहेच, आणि तो क्लिक आयफ्रेमच्या आत झालेला हवा, बाहेरच्या पानावरच्या बटणावर नाही.

प्रश्न : उघडलेला पिकर स्क्रिप्टने बंद कसा करायचा? आणि ऑटोमेटेड टेस्टमध्ये त्याच्या आत क्लिक कसं करायचं?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : बंद करायला शोपिकरसारखं काही दिलेलंच नाही, बाहेर क्लिक करून किंवा एस्केप दाबून यूझरच बंद करतो. रंग न बदलता बंद केला तर चेंजसुद्धा येत नाही, म्हणजे 'पिकर बंद झाला' ह्यावर कुठलंही काम टांगून ठेवू नका. टेस्टमध्ये आत क्लिक करायच्या भानगडीत पडू नका, ती खिडकी पानाच्या डॉममध्ये नसते, ब्राउझर बदलला की टेस्ट मोडणार. इनपुटची व्हॅल्यू सेट करा, मग इनपुट आणि चेंज हे दोन इव्हेंट बबल्स ट्रू ठेवून स्वतः पाठवा आणि पुढे तुमच्या कोडने काय केलं ते तपासा. रिॲक्ट असेल तर नुसती व्हॅल्यू सेट करून त्याला पत्ता लागत नाही, तिथे टेस्टिंग लायब्ररीचं फायरइव्हेंट वापरा, ते आतल्या खटपटी करून देतं.